वीस मुलांची शाळा

शाळेला किती शिक्षक द्यायचे, हा प्रश्न वरवर पाहता भागाकाराचा आहे. मुलांच्या संख्येला ठरलेल्या प्रमाणाने भागायचे, उत्तर येईल तितके शिक्षक. पण मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर हा भागाकार कधी नीट सुटलेला नाही. असे का होते, हे पाहण्यासाठी जवळजवळ दोनशे वर्षे मागे जावे लागेल.

१८२०च्या दशकात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी कलेक्टरांकडून गावोगावच्या शाळांची माहिती मागवली. पुढे रा. वि. परुळेकर यांनी ही कागदपत्रे अभ्यासून प्रसिद्ध केली. १८२९च्या आकड्यांप्रमाणे इलाख्यात सुमारे १,७०० शाळा होत्या आणि त्यांत ३५,०००च्या आसपास मुले शिकत होती. म्हणजे शाळेमागे वीस-एकवीस मुले! यातल्या जेमतेम २५ शाळा सरकारी, बाकीच्या पंतोजींच्या. कुणाच्या ओटीवर नाहीतर देवळात भरणाऱ्या, धुळाक्षरे, उजळणी आणि मोडी एवढेच शिकवणाऱ्या. त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले तिथे नव्हतीच. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वीस मुलांची शाळा ही त्या काळी 'कमी पटाची' शाळा नव्हती. शाळा म्हणजे एवढीच असे.

अशा शाळेत एकच शिक्षक असूनही काम चाले, कारण मोठी मुले धाकट्यांकडून गिरवून घेत. १७८९ पासून मद्रासला एका अनाथ मुलांच्या शाळेची व्यवस्था पाहणाऱ्या अँड्र्यू बेल याने वाळूत बोटाने अक्षरे काढत एकमेकांना शिकवणारी मुले पाहिली आणि १७९७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. इंग्लंडात जोसेफ लँकेस्टरनेही याच धर्तीची पद्धत उभारली, पण तिचे गणित पार उलटे झाले. आपल्याकडे मुले वीसच असल्यामुळे शिक्षक एक होता. तिकडे एका मास्तराच्या हाताखाली शेकडो मुले बसवता येतात आणि पैसा वाचतो, म्हणून ही पद्धत लोकप्रिय झाली. 'एका शिक्षकामागे मुले किती' हा प्रश्न शिकण्याचा न राहता खर्चाचा झाला तो साधारण तेव्हापासून.

शिक्षक घडवावे लागतात, ही जाणीव मात्र आपल्याकडे लवकर आली होती. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर आपल्याला 'दर्पण'कार म्हणून ठाऊक असतात. १८४५ मध्ये मुंबईत अध्यापकवर्ग सुरू झाला त्याची जबाबदारीही त्यांच्यावरच होती. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी ते वारले.

पैशाची कायमची सोय झाली ती १८६०च्या दशकात. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकलफंड घ्यायचा आणि त्याचा एक तृतीयांश भाग शाळांसाठी ठेवायचा, असे ठरले. योजना चांगलीच होती, पण तिच्यात एक मेख होती. सारा जमिनीवर बसतो, मुले मात्र घराघरांत असतात. काळ्या जमिनीच्या सुपीक तालुक्याला जे मिळेल ते कातळाच्या सड्याला कसे मिळणार? मासेमारीवर जगणाऱ्या वाडीत मुले भरपूर असली तरी तिथे साऱ्याची रक्कम ती किती! (मालवण आणि वेंगुर्ले तेव्हा ब्रिटिश रत्नागिरी जिल्ह्यात होते. सावंतवाडी संस्थानचा कारभार वेगळा.)

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी याच व्यवहारावर बोट ठेवले. सरकारी उत्पन्न रयतेच्या घामातून येते आणि खर्च होते वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा आणि शिक्षकाला महिना बारा रुपयांहून कमी पगार देऊ नका, असे त्यांनी मागितले. शिक्षक किती, यासोबत शिक्षक कसा आणि किती पगारावर, हा प्रश्न त्यांनी जोडला होता.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सरकारने उचलावा, एक तृतीयांश स्थानिक संस्थांनी, अशी त्यांची मांडणी होती. १९ मार्च १९१२ रोजी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. विरोधाच्या कारणांत पैसा अर्थातच होता. १९२३च्या कायद्याने प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डांकडे आल्या. पैसा कुणी द्यायचा ही ओढाताण तशीच राहिली.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाकडे सर्वांत बारकाईने पाहिले ते जे. पी. नाईक यांनी. ते आजरा तालुक्यातले, म्हणजे सिंधुदुर्गाच्या घाटमाथ्यावरचे. त्यांनी १९५०च्या दशकात एकशिक्षकी शाळेवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. विरळ वस्तीच्या देशात अशी शाळा राहणारच, तर तिची पद्धत, वेळापत्रक आणि प्रशिक्षण तिच्यासाठी म्हणून घडवले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. पुढे ते कोठारी आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिव झाले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, ही त्या आयोगाची शिफारस. २०२०च्या धोरणानेही तीच पुन्हा लिहिली. गाठलेली मात्र अजून नाही.

१९८७ नंतरच्या खडू-फळा योजनेने एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक देऊ केला. विज्ञानाचे साहित्यही आले. ते किती ठिकाणी कपाटातून बाहेर निघाले, हे वाचकांना आमच्यापेक्षा ठाऊक! २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने तर पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असलेच पाहिजेत, असे लिहूनच टाकले. प्रमाणाच्या जोडीला किमान संख्या आली हे महत्त्वाचे, कारण शिकवण्याचा वेळ डोक्यांवर नव्हे, इयत्तांवर वाटला जातो. दिवसाची ३०० मिनिटे आणि इयत्ता पाच असतील, तर एकट्या शिक्षकाकडून प्रत्येक इयत्तेला तासभर मिळतो; मुले बारा असोत की चाळीस. दोघे असले तर पहिली-दुसरीला प्रत्येकी दीडशे मिनिटे, आणि तिसरी ते पाचवीला शंभर. मधल्या वेळात मुलांनी आपापले काय करायचे, हीच बहुवर्ग अध्यापनाची खरी कला.

आता भागाकाराच्या खालच्या संख्येकडे पाहू. २००१ मध्ये सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. महाराष्ट्र वाढत असताना जिल्हा घटला. माणसे मुंबईला आणि गोव्याला गेली, घरे लहान झाली, काही मुले इंग्रजी माध्यमात गेली. शिक्षक तेच, पगार तोच. दर मुलामागचा खर्च मात्र कुणी एक रुपया जास्त न देता दुप्पट दिसू लागला. २०२३ मध्ये शिक्षण विभागाने राज्यातल्या वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा मोजल्या: सुमारे १४,८०० शाळा, १ लाख ८५ हजार मुले, २९,७०० शिक्षक. शाळेमागे बारा-तेरा मुले, शिक्षकामागे सहा. फायलीत हा आकडा उधळपट्टीसारखा दिसतो. शाळेत पाहिले तर तिथे दोनच शिक्षक असतात, आणि तेही दोघे जागेवर असले तर. २०२३ मध्ये आंतरजिल्हा बदल्यांनी घाटावरचे शिक्षक आपापल्या जिल्ह्यांत गेले, तेव्हा सिंधुदुर्गात शिक्षकच नसलेल्या शाळांचा प्रश्न उभा राहिला. स्थानिक डी.एड. झालेली, मालवणी बोलणारी मुले-मुली घरी बसलेली आणि पहिलीचा वर्ग रिकामा, असा तो प्रसंग.

१५ मार्च २०२४च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि लहान शाळेतला दुसरा नियमित शिक्षक धोक्यात आला. त्याच वर्षी शिक्षकदिनी, म्हणजे नाईकांच्याही जन्मदिवशी, अशा शाळांत एक शिक्षक कंत्राटी नेमण्याचा निर्णय निघाला. काही महिन्यांत तो मागेही घेण्यात आला. कायद्याने दिलेली किमान संख्या शासन निर्णयाने पातळ करावी, हे आम्हाला पटत नाही.

दुसरा मार्ग सुचवला जातो तो समूह शाळांचा. पानशेतच्या धर्तीवर चार-पाच लहान शाळा एकत्र करायच्या आणि मुलांना गाडीने न्यायचे. यात शिक्षक लगेच कमी होत नाहीत. त्यांचे समायोजन होते आणि बचत दिसते ती पुढे भरती न केल्याने. गाडीचे भाडे मात्र पहिल्या दिवसापासून, दर वर्षी. शिवाय अंतर मोजायचे कसे? देवबाग आणि भोगवे नकाशावर समोरासमोर आहेत. मधे फक्त कर्ली नदीचे मुख. होडीने थोडकी मिनिटे. रस्त्याने जायचे तर मोठा वळसा, आणि तालुकाही बदलतो. कायद्यातला पहिली ते पाचवीसाठीचा एक किलोमीटर इथे पट्टीने मोजावा की पायाने, आणि जूनमध्ये खाडी फुगल्यावर कशाने, हे कुठल्याही संचमान्यतेच्या तक्त्यात लिहिलेले नाही.