काळी आणि पांढरी

धाराशिव जिल्ह्याचें नांव काढलें कीं पुण्यामुंबईकडील घरांत दोनच गोष्टी आठवतात. एक तुळजापूरची भवानी आणि दुसरी दुष्काळ. नवरात्रांत पहिलीचें स्मरण होतें, वैशाखांत दुसऱ्याचें. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु तेवढ्यावरून हा प्रांत आपणांस कळला असें समजणें बरोबर होणार नाहीं. आज मी त्याची तिसरी गोष्ट सांगणार आहें. ती त्याच्या मातीची आहे.

नांवें या भूमीनें पुष्कळ पाहिलीं. एकेकाळीं जिल्ह्याचें ठाणें नळदुर्ग होतें व जिल्हाहि त्याच नांवानें ओळखला जाई. पुढें ठाणें धाराशिवला आलें, आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नांवावरून धाराशिवचें उस्मानाबाद झालें. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली. १९५६ मध्यें जिल्हा मुंबई राज्यांत आला, १९६० मध्यें महाराष्ट्राचा घटक झाला, १९८२ मध्यें त्यांतून लातूर वेगळें निघालें, आणि २०२३ मध्यें धाराशिव हें जुनें नांव सरकारी कागदांवर परत आलें. कागदावरचें नांव बदलावयास एक हुकूम पुरतो. मातीच्या नोंदी मात्र अशा हुकमानें पुसल्या जात नाहींत.

आपला शेतकरी जमिनीचे दोन भाग करतो. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. ज्या जागीं पिढ्यानपिढ्या माणसें राहिलीं, चुली पेटल्या, भिंती पडल्या व त्यांवर पुन्हां भिंती उठल्या, तेथील माती राखेनें व चुन्यानें पांढुरकी होते. या दोन शब्दांत धाराशिवचा निसर्ग व इतिहास दोन्ही सांगतां येतात.

प्रथम काळी पाहूं. हा मुलूख बालाघाटाच्या डोंगरांवर व त्यांच्या उतारांवर पसरला आहे. खालीं काळा कातळ, वर कोठें वीतभर, कोठें पुरुषभर माती. पश्चिमेची सीना व दक्षिणेची बोरी आपलें पाणी भीमेला, म्हणजे अखेर कृष्णेला देतात. मांजरा आणि तेरणा तें गोदावरीकडे नेतात. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर पडलेल्या सरी अशा दोन महानद्यांच्या घरीं जातात, आणि ज्यावर त्या पडल्या तो डोंगर फाल्गुनांतच कोरडा होतो. सह्याद्रि ओलांडतांना पश्चिमेच्या वाऱ्यांचें बरेंच पाणी सरलेलें असतें, म्हणून येथें पावसाचा भरंवसा नाहीं. परंतु काळी माती काटकसरी आहे. भाद्रपद-आश्विनांत प्यालेलें पाणी ती पोटांत धरून ठेवते, आणि तेवढ्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते. येथील काळी उस्मानाबादी शेळीहि त्याच गुणाची. रानांतल्या झुडपांच्या पाल्यावर ती जगते, पुष्कळदां जुळीं करडें देते आणि गरिबाचें घर सांवरते. ज्या मुलखांत पाणी कमी, तेथें जीवनाची रीतच अशी बेताची व चिवट होते.

या काळीनें कापूस दिला, आणि कापडानें हा प्रांत एकदां जगाच्या बाजारांत जाऊन बसला होता. धाराशिवच्या उत्तरेस वीस-पंचवीस किलोमीटरांवर, तेरणेच्या काठीं, तेर नांवाचें गांव आहे. इ. सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेविली. तो ग्रंथ ‘पेरिप्लस’ या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांत सांगितलें आहे कीं भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हें फार मोठें शहर आहे. तेथून साधें कापड व नाना प्रकारची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखांतून भडोचला येते. म्हणजे जवळजवळ एक महिन्याचा गाडीप्रवास! बैलांच्या किती जोड्या त्या वाटेवर थकल्या असतील याची कल्पनाच करावी.

पुढें हें तगर हरवलें. उत्तर कोंकणचे व कोल्हापूरचे शिलाहार राजे आपणांस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. पण तें नगर कोणतें याचा लोकांस विसर पडला. गेल्या शतकाच्या आधींच्या विद्वानांपैकीं कोणी तें जुन्नर ठरविलें, कोणी देवगिरि, कोणी धारूर. अखेर १९०१ मध्यें डॉ. फ्लीट यांनीं तगर म्हणजे तेर असें सप्रमाण दाखविलें. शेंकडों वर्षें लोकांच्या जिभेवर झिजतां झिजतां तीन अक्षरांच्या नांवाचीं दोन उरलीं होतीं.

तगरची खरी साक्ष मात्र पांढरींतून निघाली. तेरच्या भोंवतालच्या टेकाडांवर पाऊस पडून गेला कीं मणी, नाणीं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीच्या बाहुल्या उघड्या पडत. मुलांनीं त्यांशीं खेळावें व टाकून द्यावें, असा क्रम होता. तेरचेच एक गृहस्थ रामलिंगप्पा लामतुरे यांनीं त्या वस्तु वेंचून जपावयास आरंभ केला. आज त्यांच्याच नांवाचें सरकारी वस्तुसंग्रहालय तेर येथें आहे. तेथें पांढऱ्या चिकणमातीच्या नाजूक स्त्रीमूर्ति आहेत, रोमन धर्तीचे दिवे आहेत, आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति आहे. तिच्यासारखीच एक भारतीय मूर्ति १९३८ मध्यें इटलींतील पाँपेई शहराच्या अवशेषांत सांपडली. तें शहर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें होतें. ती मूर्ति तेरचीच असें कोणीं खात्रीनें म्हणूं नये, कारण भोकरदनलाहि तशी हस्तिदंती मूर्ति मिळाली आहे. पण तेरणेच्या कांठच्या व इटलीच्या घरांत एकाच घडणीची वस्तु नांदत होती, एवढें खरें.

तेरचें त्रिविक्रमाचें देऊळहि मातीचेंच, म्हणजे विटांचें आहे. त्याची मागची बाजू अर्धवर्तुळाकार व छप्पर हत्तीच्या पाठीसारखें आहे. हें मूळचें बौद्ध चैत्यगृह असावें असें हेन्री कझिन्स यांचें मत होतें. तेथें पुढें वामनावताराची स्थापना झाली आणि वास्तु टिकली. धाराशिवजवळच्या लेण्यांत जैन तीर्थंकर विराजमान आहेत. कुंथलगिरि हें जैनांचें सिद्धक्षेत्र याच जिल्ह्यांत आहे. धाराशिव शहरांत ख्वाजा शमसुद्दीन गाजी यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. पांढरीला कोणाचीच राख परकी नसते.

याच तेरांत ज्ञानदेव-नामदेवांच्या काळीं गोरा कुंभार होऊन गेले. भजनाच्या तंद्रींत चिखल तुडवितांना आपलें मूल पायांखालीं आलें तरी त्यांस भान राहिलें नाहीं, ही त्यांची कथा महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? संतांच्या मेळाव्यांत थापटण्यानें डोकीं ठोकून कोणतें मडकें कच्चें तें सांगणारे गोरोबाकाकाही तेच. ज्या गांवानें दोन हजार वर्षांपूर्वीं मातीच्या बाहुल्या घडविल्या, त्यानेंच पुढें भक्तीची परीक्षा कुंभाराच्या हातीं दिली.

राजांनीं या मुलखांत दगड वापरला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळीं, १६१३ मध्यें, नळदुर्गास बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटांत पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यांत पाणी बंधाऱ्यावरून कोसळत असतें आणि आंतील महालांत माणूस कोरडा उभा राहूं शकतो. कर्नल मेडोज टेलर हा इंग्रज अंमलदार १८५३ नंतर कांहीं वर्षें नळदुर्गास राहिला, आणि तुळजापूरच्या परिसरावर त्यानें ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. त्या तुळजापुरास छत्रपति शिवाजीमहाराजांचें कुलदैवत आहे. नवरात्रापूर्वीं देवी पलंगावर निद्रा घेते, दसऱ्यानंतर पुन्हां पौर्णिमेपर्यंत विश्रांति घेते. भक्तांच्या मनांत ती घरांतल्या थकल्या आईसारखीच आहे. तिच्या आराध्यांच्या गळ्यांत कवड्यांची माळ असते. समुद्र येथून शेंकडों किलोमीटर दूर. तरी या कोरड्या डोंगरावर समुद्राचे शिंपले देवीचें लेणें झाले आहेत. भडोचच्या वाटेची आठवण त्या माळेंत पाहण्याचा मोह मला होतो.

श्रोतेहो, आतांपर्यंत मीं पांढरीचें कौतुक केलें. परंतु तिचें एक दुःखहि सांगितलें पाहिजे. येथील जुनीं घरें माळवदाचीं असत. जाड भिंती दगडांच्या, पण मातींत रचलेल्या. वर लांकडें, आणि लांकडांवर पांढऱ्या मातीचा थर. माळवद गळूं नये म्हणून पावसाळ्यापूर्वीं त्यावर आणखी माती पडे. उन्हाळ्यांत असें घर थंड राही. बापानें बांधलेलें नातवास पुरे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें, चार वाजावयास कांहीं मिनिटें असतांना, धरणी हलली. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गणपति बोळवून लोक थकून निजले होते. किल्लारी लातूर जिल्ह्यांतलें, म्हणून तेंच नांव सर्वत्र झालें. परंतु धाराशिव जिल्ह्यांतील सास्तूर व त्याच्या आसपासचीं गांवेंहि त्याच वेळीं जमीनदोस्त झालीं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून हजारों माणसें गेलीं. ज्या मातीनें पिढ्यानपिढ्या ऊन अडविलें, तिच्याच भारानें निजलेल्यांचा श्वास अडविला. यांत मातीचा दोष नाहीं. भिंतींत सांधणारे दगड नव्हते, छपराचें ओझें वर्षानुवर्षें वाढत गेलें होतें, आणि आपल्या पायांखालची जमीन हलूं शकते हें आपण कोणीं मनावर घेतलें नव्हतें.

अनेक गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. जुन्या जागा ओस पडल्या. आज त्यांवर बाभळी उगवल्या असतील, पावसानें भिंती विरघळत असतील, आणि एक नवी पांढरी तयार होत असेल. तगरची पांढरी अशीच झाली. फरक इतकाच कीं तगरचीं माणसें कोण होतीं हें आपणांस ठाऊक नाहीं, आणि या गांवांच्या माणसांचीं नांवें त्यांच्या लेकीसुनांच्या ओठांवर अजून आहेत.

म्हणून एवढेंच सुचवावेंसें वाटतें. देवीच्या दर्शनास तुळजापुरास जाल तेव्हां एक दिवस तेरसाठीं काढून ठेवावा. लामतुऱ्यांनीं वेंचलेल्या त्या बाहुल्या पाहाव्या. आणि परततांना सास्तूरच्या बाजूस जाणें झालें, तर ओस गांवठाणाजवळ क्षणभर थांबावें. काळी पोट भरते. पण आपण कोण होतों आणि कोठें चुकलों, हें सांगते ती पांढरीच.