फुफ्फुसातला हत्तीरोग आणि सुईची तपासणी

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार 1955 चा, आणि राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रमाचा आरंभही त्याच वर्षीचा. मात्र भिलाईच्या सेक्टर 10 सारख्या कामगार वसाहती ज्या मैदानी छत्तीसगडात उभ्या राहिल्या, तेथे आणि पलीकडच्या चंद्रपूर-गडचिरोलीत हा डासांवाटे पसरणारा रोग जुनाच होता. पाय सुजला की तो सर्वांना दिसे. फुफ्फुसातले त्याचे रूप ओळखणे मात्र वैद्यकाला फार जड गेले.

रोगकृमीची सूक्ष्म पिल्ले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रात्री बाहेरच्या रक्तात येतात, म्हणूनच आरोग्य कर्मचारी रात्री घरोघर जाऊन बोटाच्या टोकातून रक्त घेत. दिवसा ती कोठे असतात, याचे उत्तर पॅट्रिक मॅन्सन यांना एका मृत रुग्णाच्या शवविच्छेदनात मिळाले: फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत. तरीही रात्रीचा खोकला, धाप आणि रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची प्रचंड वाढ, अशा ज्या विकाराला वाइनगार्टन यांनी 1943 मध्ये 'ट्रॉपिकल इओसिनोफिलिया' म्हटले, त्याच्या रुग्णांच्या रक्तात रात्रीही पिल्ले सापडत नसत. वेल्लोरच्या वेब, जॉब आणि गॉल्ट यांनी 1960 मध्ये रुग्णांच्या फुफ्फुसाच्या ऊतीतच ती दाखवून दिली, आणि हा या इतिहासातला सर्वांत मोलाचा टप्पा मानावा लागेल.

ऊतीचा तुकडा कापून काढणे रुग्णाला सोसावे लागते. त्याऐवजी छातीतून बारीक सुई घालून पेशी ओढून घेण्याची कल्पना लायडेन यांनी 1883 मध्येच न्यूमोनियाचे जंतू शोधताना वापरली होती, आणि 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या मार्टिन व एलिस यांनी गाठींच्या निदानासाठी ती रुळवली. आज सीटी स्कॅनच्या आधाराने घेतलेला हा नमुना, ज्याला डॉक्टर एफएनएसी म्हणतात, काचपट्टीवर पसरून गिम्सा रंगाने रंगवला जातो. शोध बहुधा कर्करोगाचा किंवा क्षयाचा असतो. क्वचित पेशींच्या गर्दीत सुमारे पाव मिलिमीटर लांबीची, पातळ आवरणातली वळलेली अळी, म्हणजेच मायक्रोफायलेरिया, दिसते, आणि तिच्या शेपटीच्या टोकात केंद्रके नसतील तर ती वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी या हत्तीरोगाच्या कृमीची ठरते. डायइथिलकार्बामाझिन या औषधाने रुग्ण बरा होऊ शकतो; मात्र अळी आणि कर्करोग एकाच गाठीत आढळल्याची उदाहरणे असल्याने अळी सापडल्यावरही काचपट्टीचा उरलेला भाग शेवटपर्यंत वाचावाच लागतो.