पवित्रा आणि पायाखालची जमीन : शिवडी-परळच्या तालमींपासून बॉक्सिंगच्या रिंगणापर्यंत

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील शिवडीचा इतिहास आजवर किल्ला, मिठागरे, कापसाची गोदामे आणि गिरण्या यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. मात्र तेथे राहणाऱ्या कष्टकऱ्याने आपले शरीर कसे घडवले, आणि विशेषतः प्रतिस्पर्ध्यासमोर उभे कसे राहावे हे तो कोठे व कोणाकडून शिकला, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. लढतीच्या प्रत्येक विद्येचा पहिला धडा उभे राहण्याचा असतो. दोन पायांमधील अंतर, गुडघ्यांतला बाक, शरीराचे वजन कोणत्या पायावर किती, टाच जमिनीला टेकलेली की उचललेली, या सगळ्याच्या ठरीव मांडणीला मराठीत पवित्रा म्हणतात. आणि तो पवित्रा न मोडता पुढे, मागे किंवा बाजूला सरकण्याच्या रीतीला पदन्यास. शिवडी, परळ, लालबाग, नायगाव या पट्ट्यात गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कुस्ती, लाठी, बॉक्सिंग आणि कबड्डी या चार विद्यांचे पवित्रे शेजारी शेजारी नांदले. त्यांपैकी कोणता रुजला आणि कोणता उपराच राहिला, हे शिकवणाऱ्याच्या कौशल्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, पायाखालच्या जमिनीवर आणि त्या जमिनीच्या मालकीवर अवलंबून होते.

यांतील सर्वांत जुना पवित्रा कुस्तीचा, आणि तो घाटावरून आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गिरण्यांत भरती झालेल्या कामगारांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा असला, तरी सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांतून आलेल्या माणसांनी आपल्याबरोबर तालीम आणली. तालीम म्हणजे केवळ व्यायामाची खोली नव्हे; तिच्या मध्यभागी हौद असतो, म्हणजे तांबड्या मातीने भरलेला उथळ खड्डा, ज्यातली माती चाळून, तीत ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस कालवून ती मऊ व ओलसर राखली जाते. या मातीत पाय किंचित रुततो. त्यामुळे मातीतल्या मल्लाचा पवित्रा रुंद आणि बसका असतो : एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, कंबर खाली, छाती पुढे झुकलेली, हात प्रतिस्पर्ध्याच्या मानेच्या व मनगटाच्या शोधात, आणि वजन तळव्याच्या पुढच्या भागावर असले तरी बोटांनी माती धरून ठेवलेली. पट काढणे, म्हणजे खाली झेपावून प्रतिस्पर्ध्याचा पाय दोन्ही हातांनी ओढणे, किंवा आतली टांग मारणे, म्हणजे त्याच्या पायात आतून पाय अडकवून त्याला पाडणे, हे दोन्ही डाव समोरच्याचे वजन चुकीच्या पायावर गेल्याच्या क्षणीच साधतात. म्हणून वस्ताद नव्या पोराला डावांच्या आधी बैठका घालायला लावतो आणि खडाखडीत, म्हणजे पकडीपूर्वीच्या चाचपणीत, पाय उचलण्याऐवजी मातीतून सरकवायला शिकवतो.

परंतु हौदाला जागा लागते, आणि तीच शिवडीत कधी कामगाराची नव्हती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत पोर्ट ट्रस्टने, म्हणजे मुंबई बंदराचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने, माझगाव ते शिवडी या दरम्यान समुद्र हटवून शेकडो एकर जमीन घडवली; १९१५ मध्ये तिच्यावरून बंदराची स्वतंत्र रेल्वे सुरू झाली आणि पुढे कुलाब्याचा कापूसबाजार हलून आजच्या कॉटन ग्रीन परिसरात आला. तेलकंपन्यांचे साठेही याच किनाऱ्यावर उभे राहिले. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० मध्ये, स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिरेक्टोरेटने, म्हणजे ज्याच्या आद्याक्षरांवरून बीडीडी हे नाव पडले त्या सरकारी खात्याने, वरळी, नायगाव, डिलाईल रोड (आताचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या, त्यांपैकी शिवडीच्या वाट्याला १२ आल्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या आणि प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. अशा खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसाला जोर-बैठकांपुरतीही जागा उरत नसे, म्हणून दोन चाळींमधले अंगण ही या वस्तीची खरी व्यायामभूमी ठरली. हौद मात्र ज्याच्या हाती तळमजल्याचा गाळा किंवा मोकळी जागा असेल त्याच्याच आश्रयाने टिकत असे.

येथे दादा या संस्थेचा संबंध येतो. गिरणगावात, म्हणजे गिरण्यांच्या या पट्ट्यात, दादा म्हणजे वस्तीत दबदबा असलेला, भांडणे मिटवणारा आणि प्रसंगी लावणारा पुढारी. तालमींना आश्रय देणे हा त्याच्या प्रतिष्ठेचा भाग असे, आणि इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी गिरणगावच्या राजकारणाच्या विवेचनात घोडपदेवच्या केशव दादा बोरकर यांचे उदाहरण याच संदर्भात घेतले आहे. १९२८ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने चाललेला गिरणीसंप, त्या वर्षअखेरीस शिवडीच्या तेलसाठ्यांवर झालेला संप, संपकऱ्यांच्या जागी पठाण कामगारांची भरती, आणि त्यानंतर फेब्रुवारी १९२९ मध्ये शहरभर भडकलेली दंगल, हा घटनाक्रम पाहिला की या भागात अंग कमावणे हा निव्वळ छंद का नव्हता हे ध्यानात येते. तालीम संपाच्या बाजूची की मालकाच्या, हा प्रश्न त्या काळी गैरलागू नव्हता. आणि तालमींच्या इतिहासाकडे केवळ बलोपासनेच्या गौरवाने पाहणाऱ्या लेखनात ही बाजू अनेकदा गळून पडते.

हौदाविना चालणारी विद्या म्हणजे लाठी, फरीगदगा आणि दांडपट्टा. फरीगदगा हा चामड्याची लहान ढाल आणि वेष्टण असलेली छडी घेऊन करावयाचा तलवारीचा सराव. या विद्यांत पवित्रा हा स्थिर उभे राहण्यापेक्षा चालीचा भाग असतो : एका पायावर वळणे, उडी मारून दिशा बदलणे, चौफेर शत्रू आहेत असे गृहीत धरून पुन्हा मूळ जागी येणे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रा. माणिकराव यांनी अशा हालचाली हुकुमांवर एकाच वेळी अनेकांकडून करवून घेण्याची सांघिक पद्धत रूढ केली, इंग्रजी कवायतीच्या आज्ञांच्या जागी देशी शब्द आणले, आणि पूर्वी तोंडी परंपरेने वस्तादाकडून शिष्याकडे जाणारा पदन्यास प्रथमच आकड्यांत बसवला. दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी बडोद्याहूनच संपादित केलेल्या दहा खंडांच्या व्यायामज्ञानकोशात ही विद्या ग्रंथबद्ध झाली. मुंबईत दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरासारख्या संस्थांनी हीच परंपरा शहरी मध्यमवर्गापर्यंत नेली. आकड्यांवर चालणारा पदन्यास मैदानात शंभर मुलांना एकदम शिकवता येतो, हा त्याचा गुण. समोर खरा प्रतिस्पर्धी नसल्याने अंतराचा अंदाज त्यातून येत नाही, हा दोष.

नेमका हा अंतराचा अंदाज बॉक्सिंगच्या केंद्रस्थानी असतो. इंग्लंडात अठराव्या शतकातील उघड्या मुठींच्या लढतींत धरपकड व पाडापाडी चालत असल्याने मुष्टियोद्धा ताठ उभा राहून धड मागे झुकवत असे. १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे सक्तीचे केले, धरपकड वर्ज्य केली आणि तीन मिनिटांच्या फेऱ्या ठरवल्या, तेव्हा पायांचे काम बदलले. १८९२ मध्ये जेम्स कॉर्बेट यांनी बलदंड जॉन सुलिव्हन यांना हरवले ते मुख्यतः पायांच्या चपळाईने, आणि त्यानंतर पदन्यास हा बॉक्सिंगच्या शिक्षणाचा पाया मानला जाऊ लागला. रूढ पवित्र्यात उजखोरा खेळाडू डावा पाय आणि डावा खांदा पुढे ठेवतो, पाय खांद्यांच्या रुंदीइतके किंवा थोडे अधिक फाकलेले, मागची टाच किंचित उचललेली, गुडघे सैल, हनुवटी खाली. पुढे जाताना पुढचा पाय आधी पडतो आणि मागचा तेवढाच ओढला जातो. मागे येताना क्रम उलटतो. डावीकडे जाताना डावा आणि उजवीकडे जाताना उजवा पाय आधी. पाय एकमेकांजवळ आले किंवा त्यांची फुली पडली की हलक्या ठोशानेही तोल जातो, म्हणून शिकाऊ खेळाडूकडून जमिनीवर खडूने आखलेल्या रेषेच्या दोन्ही अंगांना पाय ठेवून तासन्‌तास सरकवून घेतले जाते, दोरीवरच्या उड्यांनी टाचा जमिनीपासून सुटण्याची सवय लावली जाते, आणि पुढच्या पायाच्या चवड्यावर शरीर फिरवून प्रतिस्पर्ध्याच्या बगलेला निघून जाणे, म्हणजे पिव्हट, सगळ्यांत शेवटी शिकवले जाते.

मुंबईत ही विद्या गोऱ्या पलटणी, नौदल, बंदरात येणारी जहाजे आणि मिशनऱ्यांच्या शाळा यांच्या वाटेने आली. १९२५ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी अमॅच्युअर बॉक्सिंग फेडरेशन ही देशातील पहिली हौशी संघटना येथेच स्थापन झाली; अखिल भारतीय संघटना १९४९ ची, आणि तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५० मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर भरली. ब्रेबॉर्नपासून शिवडी काही मैलांवरच आहे, तरीही त्या काळच्या गिरणगावात बॉक्सिंगने कुस्तीची किंवा कबड्डीची जागा घेतली नाही. मातीतल्या मल्लाला बॉक्सर होणे कठीण जाते, हे त्याचे एक कारण सांगता येईल : अनेक उजखोरे मल्ल बळाचा उजवा पाय पुढे ठेवतात, तर बॉक्सरला तो मागे न्यावा लागतो, मल्लाला जागा धरून ठेवायची असते, तर बॉक्सरला पोचून लगेच निघायचे असते. हे कारण खरे असले तरी अपुरे आहे, कारण सवय बदलता येते. अधिक वजनदार कारण जागेचे आणि पैशाचे होते. २० फूट चौरस रिंगण ४०० चौरस फूट व्यापते, म्हणजे बीडीडीच्या अडीच खोल्या. त्याला दोर, खांब, लाकडी तळ, त्यावर ताणलेले कॅनव्हास आणि हातमोजे लागतात, आणि ते सगळे कायमचे मांडून ठेवता येईल अशी बंद जागा लागते. अशी जागा पोलीस, सैन्य, रेल्वे यांसारख्या आस्थापनांकडे होती. भाडेकरूंच्या मंडळांकडे नव्हती.

कबड्डीला याहून मोठे मैदान लागते, पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर, परंतु ते संध्याकाळी फक्कीने आखता येते आणि रात्री त्यावरून लोकांना चालता येते. हुतूतू या जुन्या नावाने खेळल्या जाणाऱ्या या खेळाला महाराष्ट्रातील संस्थांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नियमबद्ध केले, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी परदेशी प्रेक्षकांपुढे मांडला, आणि शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्या संघटनकौशल्याने मुंबई त्याचे मोठे केंद्र बनली. पदन्यासाच्या दृष्टीने कबड्डी हा बॉक्सिंगचा सर्वांत जवळचा देशी नातलग म्हणता येईल. चढाईपटूला मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवरची निदान रेषा ओलांडल्याशिवाय परत येता येत नाही. तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा असते, आणि बोनस गुण हवा असेल तर एक पाय तिच्यापलीकडे टेकलेला असताना दुसरा हवेत असावा लागतो, तोही समोर किमान सहा बचावपटू असताना. म्हणजे खेळाडू एका पायावर, शत्रूच्या घेऱ्यात, क्षणभर तोल सांभाळतो आणि लगेच मागच्या पायावर परततो. पाय टाकून निसटण्याची हीच कला बॉक्सर ठोशासाठी वापरतो. उलट कोपरारक्षकाचा पवित्रा थेट हौदातला आहे : बसका, रुंद, पट काढण्याच्या तयारीतला. चढाई आणि पकड अशा दोन वेगळ्या कुळांतल्या पवित्र्यांची गाठ एकाच खेळात पडावी, हे या खेळाच्या घडणीचे वैशिष्ट्य होय.

या खेळाला नोकरीचाही आधार मिळाला. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी उभा राहिला व त्यावर चालणारी कल्याण केंद्रे गिरणगावात खेळांना वाव देऊ लागली, ना. म. जोशी मार्गावरील श्रमिक जिमखाना कबड्डीच्या सामन्यांसाठी ओळखला गेला. आणि पोर्ट ट्रस्ट, बेस्ट, रेल्वे, गिरण्या यांचे व्यावसायिक संघ उभे राहिले. ज्या पोर्ट ट्रस्टची जमीन शिवडीकराच्या पायाखाली होती, त्याच पोर्ट ट्रस्टच्या संघातून चांगला चढाईपटू पगारी खेळाडू होऊ शकत असे. शिवशक्ती महिला संघासारख्या संघांनी मुलींनाही या खेळात स्थान मिळवून दिले. हौदाने ते जवळजवळ कधीच दिले नव्हते.

पृष्ठभाग बदलला की पवित्रा बदलावा लागतो, याचा मराठी मुलखातील सर्वांत ठळक दाखला खाशाबा जाधव यांचा आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या या मातीतल्या मल्लाला १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर, म्हणजे मॅटवर, लढावे लागले आणि तो सहावा आला. मॅटवर पाय रुतत नाही, घसरतो किंवा उसळतो. बसून राहण्यापेक्षा सतत हलते राहणे फायद्याचे ठरते, आणि आंतरराष्ट्रीय नियमांतील गुणपद्धतीत चपळ मल्लाला वजन येते. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्यांच्या खेळात मातीतले डाव होते, पण पाय मॅटला सरावलेले होते.

हेच स्थित्यंतर गिरणगावाच्या कबड्डीत सुमारे साठ वर्षांनी आले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्याबरोबर त्यांचे संघही गेले, आणि गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उठले. प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये झाला तो मॅटवर आणि बुटांत. अनवाणी पायाच्या बोटांनी माती धरणारा कोपरारक्षक मॅटवर तसा रोवून उभा राहू शकत नाही. त्याला रबरी तळव्याच्या पकडीवर विसंबावे लागते, आणि मंडळांना मैदानाऐवजी मॅटसाठी छप्पर व देणगीदार शोधावा लागतो, जो प्रश्न पूर्वी बॉक्सिंगपुढे होता. २०१७ मध्ये बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले ते वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग या तीन ठिकाणांसाठी. शिवडीच्या १२ चाळी मागे राहिल्या, कारण त्यांच्याखालची जमीन केंद्र सरकारच्या अखत्यारीतील पोर्ट ट्रस्टची होती.