ब्राउझरच्या कप्प्यातली नावं

१६ एप्रिल २०१३ रोजी मुंबईची उपनगरी लोकल विरार ओलांडून डहाणू रोडला पोहोचली. त्याच वर्षी ३० जुलैला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ब्राउझरच्या कप्प्यात मजकूर साठवणाऱ्या ‘वेब स्टोरेज’ला मानक म्हणून मान्यता दिली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण डहाणूहून निघालेल्या प्रवाशाचा मोबाइलवरचा अर्धामुर्धा भरलेला अर्ज वाटेत रेंज गेली तरी शाबूत राहू शकतो, तो अशा सोयीच्या बळावर.

आधी सगळी भिस्त कुकीवर, म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीवर होती. नेटस्केपच्या लू मॉन्टुलीने १९९४ मध्ये ती आणली. एका कुकीत जेमतेम चार किलोबाइट मजकूर मावे, आणि प्रत्येक विनंतीबरोबर तो सर्व्हरकडे जाई. पानावर चालणाऱ्या स्क्रिप्टला कुकींची नावं हवी असली, तर सगळ्या कुकीज एकाच लांबलचक ओळीत हाती येत. ती ओळ अर्धविरामांवर तोडायची, मग बरोबरच्या चिन्हावर पुन्हा तोडायची.

२००९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ८, फायरफॉक्स ३.५ आणि सफारी ४ यांत ‘वेब स्टोरेज’चा भाग असलेलं लोकलस्टोरेज आलं. मजकूर नावानिशी ठेवायचा, नावानिशी काढायचा.

नावंच ठाऊक नसली तर? त्यासाठी दोन साधनं मिळाली: एकूण नोंदी सांगणारी ‘लेंग्थ’ आणि क्रमांक दिला की त्या जागेवरचं नाव सांगणारी ‘की’. मोजणी शून्यापासून. खरी मेख क्रमात आहे. तो मानकाने ब्राउझरवरच सोपवला. अट एवढीच, की नोंदींची संख्या बदलत नाही तोवर क्रम हलू नये. समजा, ‘मसुदा_नाव’, ‘मसुदा_गाव’ आणि ‘भाषा’ अशा ओळीने तीन नोंदी आहेत. मसुद्याच्या दोन्ही पुसायच्या आहेत. पहिली पुसली की ‘मसुदा_गाव’ तिच्या जागी सरकू शकते. स्क्रिप्ट मात्र पुढच्या क्रमांकावर गेलेली असते, आणि गाव तसंच मागे राहतं. म्हणून आधी सगळी नावं गोळा करावीत, पुसापुशी नंतर. डिसेंबर २००९ च्या एक्मास्क्रिप्ट ५ या जावास्क्रिप्टच्या मानकातल्या ‘ऑब्जेक्ट.कीज’ने ही यादी एका ओळीत मिळू लागली.

मात्र ज्या सहजतेने आपली स्क्रिप्ट ही नावं वाचते, त्याच सहजतेने त्या पानावर बाहेरून आणून बसवलेली जाहिरातीची स्क्रिप्टही वाचते. संकेतस्थळं घडवणाऱ्यांनी आधार क्रमांक किंवा पासवर्ड या कप्प्यात कधीच ठेवू नयेत, आणि अर्ज पाठवून झाला की मसुद्याची प्रत्येक नोंद पुसून टाकावी.