बावखल आणि ग्रामसभा
३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली. चार नगरपरिषदांसोबत आमची वाड्या-बावखलांची गावेही तीत विलीन झाली आणि ग्रामसभा संपुष्टात आली. त्या सभेत कोणाही मतदाराला, मग तो वाडीवरचा मजूर का असेना, उभे राहून सरपंचास जाब विचारता येई. खरे सांगायचे तर, सभा होती तेव्हा आम्हीच तिकडे फारसे फिरकत नव्हतो! गावांनी लढा दिला. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळली, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये शासनानेच तो निर्णय फिरवला. आज विकास आराखड्यावर लेखी हरकत घेता येते. मात्र ‘हे बावखल बुजवू नका’ असे गावासमोर म्हणण्याची जागा उरलेली नाही.