रोज एक चित्र

मंडळी, सध्या टॅब्लेटवर रोज एक व्यंगचित्र काढायचं ठरवलंय. म्हटलं, आधी हे कोणी कसं निभावलं ते तरी बघू.

आर. के. लक्ष्मण लगेच आठवले. १९५१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांचा कॉमन मॅन पन्नासहून अधिक वर्षं येत राहिला. तिकडे अमेरिकेत चार्ल्स शुल्झ. ऑक्टोबर १९५० ते फेब्रुवारी २०००, ‘पीनट्स’च्या १७,८९७ स्ट्रिप्स! रेषा, अक्षरं सगळं स्वतःच्या हातानं. मोठी सुट्टी एकदाच, १९९७ मध्ये, पाच आठवड्यांची.

पण या दोघांसाठी उद्याच्या अंकात एक चौकट रिकामी असायची. संपादक वाट बघायचा.

माइक विंकलमन ऊर्फ बीपलचं तसं नव्हतं. १ मे २००७ ला त्यानं रोज एक चित्र सुरू केलं, ते कोणीही मागितलं नव्हतं. पुढे सगळं कॉम्प्युटरवर. पहिल्या ५००० दिवसांचं कोलाज २०२१ मध्ये सुमारे ६.९ कोटी डॉलरला गेलं.

किंमत सोडा हो. मला अप्रूप आहे ते मधल्या हजारो साध्या दिवसांचं. कोणी वाट बघत नसताना रोज बसणं... आमच्यासारख्या हौशी लोकांची खरी परीक्षा तीच. आज दिवस अकरावा.