घोडा कुणाचा, चंदी कुणाची

ऑक्टोबर १६७०. सुरत दुसऱ्यांदा लुटून शिवाजी महाराजांची फौज बागलाणातून परतत होती. वणी-दिंडोरीच्या परिसरात मुघल सरदार दाऊदखान कुरेशीनं तिला गाठलं. लुटीचा माल पुढे रवाना करून मराठे उलटे फिरले, लढले आणि जिंकले. ही लढाई आपल्याला साधारण एवढीच माहीत असते. मला मात्र त्या लढाईबद्दल एक हिशेबी प्रश्न पडतो. त्या दिवशी जे घोडे मेले, त्यांची किंमत कुणी सोसली?

याचं उत्तर घोडा कुणाचा होता, यावर ठरायचं. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळायचा तो बारगीर. जो स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला यायचा तो शिलेदार. आज आपण कुठल्याही टीमच्या भरवशाच्या माणसाला कौतुकानं ‘शिलेदार’ म्हणतो. तेव्हा हा शब्द नोकरीची अट सांगायचा: गाडी स्वतःची आणायची. शिलेदाराला अर्थातच बारगिरापेक्षा जास्त पैसे मिळत, कारण घोडा विकत घेणं, त्याची चंदी-वैरण, त्याचं आजारपण, सगळं त्याच्याच डोक्यावर होतं.

कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी. पण मला त्यातली जास्त आवडणारी तरतूद वेगळी आहे. दर पंचवीस घोड्यांमागे पाणी पाजायला एक पखालजी आणि नाल ठोकायला एक नालबंद नेमलेला असे. म्हणजे घोडा पळवायचा असेल तर दाण्याबरोबर पाणी आणि नालही लागतात, हे सतराव्या शतकात कागदावर मान्य होतं. महाराजांनी पागेला बळ दिलं आणि शिलेदारांना तिच्या हाताखाली ठेवलं. त्यामागे शिस्तीचं कारण होतं: ज्याचा घोडा, त्याचा हुकूम.

साडेतीनशे वर्षांनंतर त्याच वणी-दिंडोरीच्या रस्त्यावर मी शिलेदारी करतो. द्राक्षबागांना लागणारी औषधं आणि खतं विकणाऱ्या एका कंपनीसाठी मी फिरतो. दिंडोरी, वणी, पिंपळगाव बसवंत, निफाड. महिन्याला साधारण १५०० किलोमीटर. गाडी माझी. कंपनी किलोमीटरला ३ रुपये देते. हा दर ठरला तेव्हा पेट्रोल ८० रुपयांच्या आत होतं. आता ते शंभरीच्या पुढे आहे. दर वाढवा म्हटलं की अकाउंट्सकडून ठरलेलं उत्तर येतं: “तुमची गाडी ४५ चं मायलेज देते, म्हणजे पेट्रोल पडतं २ रुपये ३३ पैसे. आम्ही देतो ३. उलट तुम्हालाच ६७ पैसे सुटतात.”

गणित बरोबर आहे. फक्त त्यात चंदी आहे आणि घोडा नाही.

घोडा हिशेबातून गळला की काय होतं, हे इतिहासात दोन जागी स्पष्ट दिसतं. पहिली जागा रणांगण. मुघल सैन्यव्यवस्थेवर १९०३ साली पुस्तक लिहिणाऱ्या विल्यम अर्विननं एक गोष्ट नोंदवली आहे. स्वाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असे, आणि तो मेला की स्वाराची रोजीरोटीच जात असे. साहजिकच तो घोडा जपून चालवायचा. ऐन धुमश्चक्रीत पाय मागे घेणाऱ्या अशा स्वाराला भित्रा म्हणणं सोपं आहे. पण ज्याचं सगळं भांडवल चार पायांवर उभं आहे, त्यानं ते तोफेपुढे का घालावं? आजचं रूप कमी नाट्यमय आहे. टायर गुळगुळीत झाले की माणूस कळवण-सुरगाण्याच्या घाटातला शेतकरी पुढच्या आठवड्यावर ढकलतो.

दुसरी जागा हजेरीची. मनसबदारांनी ठरलेले घोडे प्रत्यक्षात ठेवायचे नाहीत, तपासणीच्या दिवशी इकडून तिकडून आणून उभे करायचे, हा प्रकार इतका चालला की अकबरानं १५७३-७४ च्या सुमारास घोड्यांना डाग द्यायची पद्धत लावली. स्वाराचं वर्णनही लिहून ठेवलं जाऊ लागलं, त्याला ‘चेहरा’ म्हणत. डागलेला घोडा आणि नोंदवलेला चेहरा जुळला तरच पैसे. आज आम्ही सकाळी-संध्याकाळी मीटरचा फोटो अॅपवर टाकतो आणि जीपीएस आमचा रस्ता मोजतो. तपासणी करण्यात गैर काही नाही. पण दर अपुरा असेल तर माणूस किलोमीटर फुगवतो, मग मालक तपासणी कडक करतो, आणि मूळ दराबद्दल बोलणं दोघांच्याही बाजूनं थांबतं. प्रामाणिक माणूस मात्र दोन्हीकडून मार खातो.

इंग्रजांनी ही व्यवस्था जशीच्या तशी उचलली आणि तिचं नावही ठेवलं: सिलाहदार पद्धत. १८१७ च्या पुणे तहानंतर उभी राहिलेली पूना ऑक्झिलरी हॉर्स, म्हणजे पुढची पूना हॉर्स, याच पद्धतीची. स्वार घोडा घेऊन यायचा किंवा घोड्यापुरती रक्कम रेजिमेंटमध्ये भरायचा. घोड्यामागच्या या जागेला ‘असामी’ म्हणत. काहीजणांकडे अनेक असाम्या असत आणि त्यांच्या घोड्यांवर दुसरेच गरीब बारगीर बसत. कॉलेज रोडवर भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटरवरून जेवणाचे डबे पोचवणारी मुलं पाहिली की मला हेच बारगीर आठवतात. घोडा तिसऱ्याचा, काम चौथ्याचं, आणि दिवसाचं भाडं आधी वळतं करून मग उरेल ती कमाई.

या सिलाहदार रेजिमेंटांनी एक शहाणपणाची गोष्ट केली होती. ‘चंदा फंड’. दर महिन्याला प्रत्येक स्वाराच्या पगारातून थोडे पैसे बाजूला पडायचे आणि कुणाचा घोडा मेला की त्या फंडातून नव्या घोड्याला हातभार लागायचा. झीज आणि विमा, दोन्ही एकाच डब्यात. शांततेच्या काळात हे चाललं. पहिल्या महायुद्धात घोडे इतके आणि इतक्या वेगानं मेले, सामान इतकं महागलं, की स्वारांच्या वर्गणीवर रेजिमेंट उभी ठेवणं अशक्य झालं. युद्धानंतर, १९२१ च्या फेररचनेत, सिलाहदार पद्धत बंद झाली आणि घोडा सरकारी झाला. स्वतःच्या घोड्यावर चाकरी करण्याचा शतकभराचा करार महागाईनं मोडला.

मग घोड्याची जागा स्कूटरनं घेतली. बजाजनं १९७२ साली आणलेल्या स्कूटरला राणा प्रतापांच्या घोड्याचंच नाव दिलं, चेतक. १९७६ साली विक्री प्रतिनिधींच्या सेवाशर्तींसाठी केंद्राचा वेगळा कायदा आला. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती वाढल्या तशी नाशकात औषधं, सुटे भाग, बियाणं विकत फिरणारी फौज वाढली. त्यांच्यासाठी पेट्रोलचा भाव पूर्वी अधूनमधून बदलायचा, सरकार ठरवेल तेव्हा. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी ६ वाजता नवा भाव लागू लागला. चंदीचा भाव रोज हलू शकतो आणि चंदीचा भत्ता सात वर्षं जागचा हलत नाही, अशी आमची स्थिती.

आता घोड्याचाच हिशेब करू. आकडे मी माझ्या गाडीसारखी गाडी धरून घेतलेत, तुम्ही तुमचे घाला. रस्त्यावर आणायला १ लाख रुपये. ८०,००० किलोमीटरनंतर विकली तर ३०,००० येतील. झीज ७०,००० रुपये, म्हणजे किलोमीटरला ८८ पैसे. दर ३००० किलोमीटरला सर्व्हिसिंगचे १५०० रुपये, म्हणजे ५० पैसे. टायरची जोडी ४५०० रुपयांत २५,००० किलोमीटर, म्हणजे १८ पैसे. वर्षाचा विमा २००० रुपये, वर्षाचे १८,००० किलोमीटर, म्हणजे ११ पैसे. घोडा झाला १ रुपया ६७ पैसे. त्यात पेट्रोलचे २ रुपये ३३ पैसे मिळवा. बरोबर ४ रुपये.

म्हणजे मला ६७ पैसे सुटत नाहीत. १ रुपया जातो. महिन्याला १५००, वर्षाला १८,०००. आणि तो रोज खिशातून जाताना दिसत नाही, चारेक वर्षांनी गाडी बदलायची वेळ येते तेव्हा एकदम दिसतो.

इतर ठिकाणी काय करतात? अमेरिकेचं आयकर खातं दर वर्षी मैलाचा दर जाहीर करतं आणि त्यात इंधनाबरोबर झीज, विमा, दुरुस्ती धरलेली असते. २०२२ साली पेट्रोल भडकलं तेव्हा त्यांनी वर्षअखेरीची वाट न पाहता १ जुलैपासून दर साडेअठ्ठावन्न सेंटवरून साडेबासष्टवर नेला. ब्रिटननं २०११ साली मोटारीला पहिल्या १०,००० मैलांसाठी मैलाला ४५ पेन्स ठरवले आणि पुढची दहा वर्षं उलटली तरी आकडा तोच राहिला. आपल्या आयकर नियमांत नोकराच्या स्वतःच्या दुचाकीसाठी, तपशीलवार नोंदी नसतील तर, महिन्याला ९०० रुपये ऑफिसकामाचे धरायचे, हे २००९ साली ठरलं. पंधरा वर्षं उलटली तरी ते ९०० च होते. पण आपल्याकडेच एक चांगला नियमही आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या प्रवासभत्त्याच्या आदेशात, जिथे स्थानिक दर ठरलेले नाहीत तिथे, स्वतःच्या स्कूटरसाठी किलोमीटरला १२ रुपये दिलेत. तो दर रिक्षाच्या बरोबरीनं धरलेला, त्यामुळे माझ्या ४ शी त्याची तुलना नको. पण त्यातली एक ओळ बघण्यासारखी आहे: महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हा दर आपोआप २५ टक्क्यांनी वाढतो. कुणाला साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहावं लागत नाही.

मालकांचीही बाजू आहे, आणि ती खोटी नाही. लहान कंपनीला रोजच्या भावामागे धावणं परवडत नाही. माणूस त्याच गाडीवरून लग्नालाही जातो. तरी यावर उपाय अवघड नाही. दराचे दोन भाग करायचे. घोड्याचा भाग वर्षातून एकदा ठरवायचा. चंदीचा भाग महिन्याच्या १ तारखेच्या भावावर. पेट्रोल १० रुपयांनी चढलं तर ४५ च्या मायलेजला किलोमीटरमागे फक्त २२ पैसे वाढतात आणि १० नं उतरलं तर तितकेच कमी होतात. घाटाच्या तालुक्यांसाठी मायलेज थोडं कमी धरायचं. लग्नाचे किलोमीटर कुणी मागतच नाही.

हे सगळं मी एका कागदावर मांडून यंदाच्या मार्चमध्ये वर पाठवलं आहे. खाली आमच्या भागातल्या नऊ जणांच्या सह्या आहेत. तुम्ही कुठे मुलाखतीला जाल आणि जाहिरातीत ‘स्वतःची दुचाकी आवश्यक’ असं लिहिलेलं असेल, तर पगाराआधी किलोमीटरचा दर विचारा. त्यात पेट्रोलखेरीज काय काय धरलंय तेही विचारा, आणि तो शेवटचा कधी बदलला हेही.